नुसत्या पाण्याच्या बशा

मार्गशीर्ष लागला की बेंगळूरची तळी मागं सरकायला लागतात. आज बघून आज कळत नाही ते. आज काठावरचा जो दगड ओला असतो तो थोड्या दिवसांनी पांढरा पडलेला दिसतो, आणि त्याच्या पुढचा ओला. मध्ये जी जागा उघडी पडते ती धड पाण्याचीही नसते आणि धड जमिनीचीही. पाय ठेवला तर घोट्यापर्यंत आत जातो. कुजलेल्या पानांचा, शिंपल्यांचा, म्हशींच्या पाठीवरून ओघळलेल्या पाण्याचा असा एक मिसळलेला वास त्या चिखलाला असतो. सकाळच्या धुक्यात तो जड होऊन जमिनीलगत बसतो आणि उन्हं चढली की उठून निघून जातो. पाणी येतं तेव्हा सगळ्या गावाला कळतं. पाणी जातं तेव्हा कुणी बघायला जात नाही. मी जात असे. माझा धंदाच तो होता.

मूळचा मी बेळगावचा. इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. लोकांना वाटतं आम्ही फुलांत रमणारे असू. मी रमलो तो चिखलात. शेवाळाच्या नात्यातल्या, पण शेवाळ नव्हेत अशा काही चपट्या, हिरव्या, बुटक्या वनस्पती असतात. लिव्हरवर्ट म्हणतात त्यांना. त्यांतली रिक्सिया नावाची एक मला आयुष्यभर पुरली. पाण्यात असते तेव्हा ती हिरव्या दोऱ्यासारखी असते. टोकाला दोन फाटे, त्या फाट्यांना पुन्हा दोन फाटे, अशी एकमेकींत गुंतून तरंगत राहते. तिला मूळ नाही, पान नाही, फूल नाही. आपलं म्हणावं असं ठिकाण नाही. वारा नेईल तिकडे जाते.

आणि पाणी आटलं की तीच चिखलावर बसते आणि थोड्याच दिवसांत ओळखू येईनाशी होते. दोरा रुंद होतो, जाड होतो. अंगाखालून केसासारखे बारीक धागे निघतात आणि चिखल धरून ठेवतात. विद्यार्थी असताना मी स्वतः या दोन रूपांना दोन बाटल्यांत घालून दोन वेगळी नावं चिकटवली होती. परीक्षकानं चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "एकाच बाईला लुगडं बदललं म्हणून दोन बायका समजता काय?" सगळे हसले होते. मीही हसलो होतो. तेव्हापासून ही बाई माझ्या डोक्यातून गेली नाही.

पण पुढं वर्षानुवर्षं मी तिचं काय केलं? मापं घेतली. कुठल्या तळ्यात केवढी सापडते, कुठल्या महिन्यात चिखलावर येते, धागे किती लांब वाढतात. मोजण्याचं समाधान मोठं असतं. मोजणाऱ्याला प्रश्न विचारावा लागत नाही.

प्रश्न विचारला तो सुभद्रेनं.

चिकपेटेत तिच्या घरच्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या माथ्यावर घर. जिना चढताना कोऱ्या मांजरपाटाच्या खळीचा वास यायचा आणि वर पोचल्यावर सांबाराचा. ही माणसं शहाजीराजांच्या काळात इकडं आली म्हणून सांगत, आणि त्यांच्या मराठीत इतकं कानडी मुरलं होतं की कुठलं कुठून आलं ते त्यांनाही सांगता येत नसे. तिचे वडील अण्णा, आणि वडिलांचे थोरले भाऊ दोड्डप्पा. घरात शब्द चालायचा तो दोड्डप्पांचा. मुलगी बी. एस्सी. झाली हे त्यांनी सहन केलं होतं. पुढं माझ्या हाताखाली संशोधन, हे मात्र त्यांना पटत नव्हतं. "सर," ते मला म्हणाले होते, "कापडवाल्याच्या घरची पोर, चिखलात कशाला उतरवताय? चिखल धुवायला आम्ही सोडा विकतो, ठाऊक आहे न्हवं?" अण्णांनी मध्ये पडून मुदत मिळवली होती. संक्रांतीपर्यंत बघायचं. तोवर हातात काही आलं आणि आमच्या मुख्य प्राध्यापकांनी 'पुढं चालू ठेवा' म्हटलं, तर लग्नाचा विषय नाही. नाही आलं, तर माघ-फाल्गुनात बोलणी. ही मुदत मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. पुढं मी जे केलं ते अजाणता केलं असं मला म्हणता येणार नाही.

त्या वर्षी पाऊस लवकर संपून तळी आश्विनातच मागं सरकू लागली होती, आणि आम्ही बनशंकरीच्या देवळाकडं जाणाऱ्या वाटेवरच्या तळ्यावर जात होतो. तेव्हा तिकडं नाचणीची शेतं होती. वस्ती विरळ. बैलगाड्यांच्या चाकोरीतून चालायला लागायचं. सुभद्रा चपला हातात घेऊन काठावर उतरायची, लुगड्याचा ओचा कमरेला खोचून, आणि तळहातावर हिरवे दोरे घेऊन न बोलता बघत राहायची. एकदा बघता बघता म्हणाली, "सर, हिला सांगतं कोण?"

"काय सांगतं?"

"की पाणी संपलं म्हणून. ही बघा की, ही अजून पाण्यातच आहे. स्वल्प चार बोटं पाणी आहे हिच्याखाली. तरी ही रुंद व्हायला लागली. हिच्या शेजारची चिखलावर गेली, ती वाळतेय. वाळणारी हिला काहीतरी सांगत असणार."

मी मास्तरकी केली. "वनस्पती बोलत नाहीत, सुभद्राबाई."

"बोलत नसतील. पण अंगातून काहीतरी सोडत असतील की. आमच्याकडं शेजारणीनं हिंगाची फोडणी दिली की आमच्या घरात भूक लागते. ती कुठं बोलते?"

ते मला हसण्यावारी नेता आलं नाही. वनस्पतींच्या अंगात वाढीची सूत्रं हलवणारी रसायनं असतात, संप्रेरकं म्हणतो आपण त्यांना, हे तोवर पुस्तकांत आलेलं होतं. ती वाढवतात, वाकवतात, मुळं फोडतात, असं सगळं पुस्तकात होतं. पण कोरडं पडल्याची खबर अंगातल्या अंगात पोचवणारं, 'आता पाण्यातलं राहणं संपलं, जमिनीवर राहायची तयारी कर' असं सांगणारं एखादं असू शकेल, हे मी वर्षानुवर्षं त्याच चिखलात उभा राहून कधी मनात आणलं नव्हतं. या मुलीनं ते चपला हातात धरून, हिंगाच्या फोडणीवरून काढलं.

तेव्हा मला आनंद झाला असं मी पुढं अनेकदा लोकांना सांगितलं. झालाही होता. पण त्या आनंदाखाली आणखी काहीतरी हललं होतं. त्याचं नाव मला आज घेता येतं. मत्सर.

प्रयोग साधा होता. चिखलावर वाळत आलेल्या रिक्सिया गोळा करायच्या, खलात वाटायच्या, फडक्यातून गाळायच्या आणि त्या अर्काचे थेंब तरंगणाऱ्या रिक्सियांच्या बशांत टाकायचे. शेजारी दुसरी ओळ, तिच्यात अर्क नाही, नुसतं पाणी. अर्काच्या बशांतली झाडं पाण्यात असूनही जमिनीवरच्यासारखी रुंद झाली, धागे फुटले, आणि नुसत्या पाण्यातली तशीच दोऱ्यासारखी राहिली, तर म्हणायला जागा होती की वाळणाऱ्या झाडात काहीतरी आहे जे खबर नेतं. मीच तिला शिकवलं होतं, "अर्काच्या बशांवर प्रेम करू नका. त्या तुम्हाला हवं ते सांगतील. नुसत्या पाण्याच्या बशांवर विश्वास ठेवा. त्या खोटं बोलत नाहीत."

बेंगळूरची थंडी ओली नसते. पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो, ओठ फुटतात, आणि उघड्या बशीतलं पाणी बघता बघता खाली जातं. म्हणून रोज संध्याकाळी बशांत खुणेपर्यंत शुद्ध पाणी घालायचं, हे त्या प्रयोगातलं सगळ्यात मोठं काम. सुभद्रा ते एखाद्या देवघरातल्यासारखं करायची. महिन्यातले ते दिवस सोडून.

त्या दिवसांत ती येत नसे. घरी वेगळं बसायला लागे, जिन्याखालच्या खोलीत. बाहेर पडायची सोय नव्हती. आदल्या संध्याकाळी ती माझ्या टेबलाजवळ येऊन खिडकीकडं बघत म्हणायची, "उद्यापासून जमणार नाही, सर. बशा तेवढ्या बघाल?" आणि मी माझ्या कागदांकडं बघत म्हणायचो, "बघेन." एवढंच बोलणं. एकदा मात्र ती जरा हसून म्हणाली होती, "आमच्यात म्हणतात, त्या दिवसांत हात लागला की तुळस वाळते. रिक्सियाचं काय होत असेल, बघायला पाहिजे एकदा." एखाद्या धीट माणसानं तिथंच म्हटलं असतं, 'या उद्या, बघूया.' किंवा जाऊन अण्णांना सांगितलं असतं. मी विज्ञान शिकवणारा माणूस. मी "हं" म्हणालो आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

त्याच दिवसांत बेळगावहून माझे सासूसासरे आले. बसवनगुडीची शेंगांची जत्रा होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भुईमुगाच्या शेंगांचे ढीग, ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या. पायाखाली टरफलांचा सडा, आणि सासूबाई प्रत्येक ढिगाशी थांबून एकेक शेंग चाखणार. "आमच्या बेळगावच्या शेंगेची सर नाही हो," असं म्हणत म्हणत त्यांनी पदर भरला. मग सासरे म्हणाले, "एवढं आलोय तर म्हैसूर दाखवा." बायकोनं माझ्याकडं बघितलं. मला बशा आठवल्या. विभागात कुणालाही सांगता आलं असतं, 'संध्याकाळी एवढं पाणी घाला.' पण त्यानं विचारलं असतं, 'सुभद्राबाई का नाहीत?' आणि त्याला काय उत्तर द्यायचं? 'आजारी आहे' म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेवढंही मला सुचलं नाही. त्या गोष्टीच्या आसपास जाणारं वाक्यच माझ्या तोंडातून निघणार नाही, अशी माझी घडण. वाटलं, थंडीचे दिवस, दोन दिवसांनी काय होतंय.

म्हैसुरात राजवाडा झाला, प्राणिसंग्रहालय झालं, टेकडीवर जाणं झालं. सासऱ्यांचे पाय दुखले म्हणून मुक्काम वाढला.

परत आलो तो सरळ कॉलेजात गेलो. कुणीतरी खिडकी उघडी टाकली होती. बशांत पाणी नव्हतं. अर्काच्या ओळीतही नव्हतं आणि नुसत्या पाण्याच्या ओळीतही नव्हतं. तळाला एक ओलसर पापुद्रा, आणि त्याला चिकटून बसलेली हिरवी नक्षी. मेली नव्हती. रिक्सिया एवढ्यानं मरत नाही. आयुष्यभर मी तेच तर मोजत आलो होतो. मी खोलीचं दार लावलं, आणि एकेका बशीत खुणेपर्यंत पाणी घातलं. झाडं तळापासून सुटली आणि तरंगली. काही घडलंच नाही असं ते पाणी दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सुभद्रा आली. "बशा ठीक होत्या, सर?"

"होत्या."

इतकं सोपं असतं ते.

पुढच्या आठवड्यांत नवीन फाटे फुटले. अर्काच्या बशांत रुंद, जाड, खाली धागे सोडलेले, तिला हवे होते तसे. आणि नुसत्या पाण्याच्या बशांतही तसेच. दोन्ही ओळींत काही फरक नाही. ती भिंगाखाली बघत होती आणि मी तिच्या पाठीमागं उभा होतो. तिची मान हळूहळू खाली जाताना मी बघितली. मला त्याच क्षणी कळलं होतं काय झालंय ते. ती झाडं काही रहस्य सांगत नव्हती. ती वाळली होती, म्हणून वाळल्यावर करतात ते करत होती. नुसत्या पाण्याच्या बशांनी खोटं सांगितलं नव्हतंच. त्या माझ्याबद्दल सांगत होत्या. तिला ते वाचता येणं शक्य नव्हतं.

आमच्या मुख्य प्राध्यापकांचा एक नेम होता. शुक्रवारी दुपारी सगळ्यांनी बसायचं आणि ज्याचा प्रयोग त्यानं स्वतः उभं राहून निकाल सांगायचा. दुसऱ्यानं त्याच्या वतीनं बोलायचं नाही. जरीकाठी पेटा बांधलेले, हळू बोलणारे गृहस्थ, पण त्या नेमात सूट नाही. सुभद्रा उभी राहिली. इंग्रजीत बोलायची ती नेहमी चाचरत. त्या दिवशी चाचरली नाही. म्हणाली, दोन्ही ओळी सारख्याच निघाल्या, तेव्हा अर्कात काही आहे ही माझी कल्पना चुकीची होती. मागच्या बाकावर दोघे-तिघे हसले. प्राध्यापकांनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ही नव्हती तेव्हा बशा तुम्ही बघत होता ना? पाणी वेळच्या वेळी होतं?"

मी म्हणालो, "होतं, सर."

'वाळल्या होत्या' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. संक्रांतीला अजून अवकाश होता. नव्या बशा मांडून पुन्हा करून बघता आलं असतं, आणि प्राध्यापकांनी तसं करायला लावलंच असतं. माझी काय फाशी होणार होती? दोन बोल ऐकून घ्यावे लागले असते. मग मी का नाही बोललो? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की लाज वाटली म्हणून. ते खरं आहे, पण पुरतं नाही. ती 'माझी कल्पना चुकीची होती' असं म्हणाली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. माझ्या आयुष्यभराच्या चिखलात कुणी एका हंगामात येऊन बोट ठेवलं नव्हतं, याचं हायसं. बायकोलाही हे मी कधी सांगितलं नव्हतं.

सुभद्रेचं लग्न फाल्गुनात झालं. मी गेलो होतो. चिरोटीवर दूध घालून घेतलं आणि खाल्लं. अण्णांनी हात धरून मला बाजूला नेलं. "सर, तुमचे उपकार. तुम्ही तिच्या जिवाला खोटी आशा लावली नाही. दुसरा कुणी असता तर वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवली असती." मी म्हणालो, "मुलगी हुशार आहे." त्यांचे डोळे भरून आले. दोड्डप्पांनी मला उपरणं दिलं, त्यांच्याच दुकानातलं.

त्यानंतर दर वर्षी मार्गशीर्ष आला. दर वर्षी तळी मागं सरकली. मी मापं घेत राहिलो. तिचा प्रयोग पुन्हा मांडायला काय लागत होतं? थोड्या बशा, खल, फडकं आणि पाणी. मी तो मांडला नाही. 'तो विषय संपला' असं मी नवीन विद्यार्थ्यांना सांगत असे, आणि ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवत.

या वर्षी त्या तळ्यावर गेलो तर तिथं पाणी मागं सरकत नव्हतं, मातीच पुढं येत होती. लॉऱ्या भरभरून लाल माती काठावर ओतत होत्या, दगडी खुणा रोवल्या होत्या. इथं घरं होणार म्हणे. उरलेल्या डबक्याच्या कडेला मला थोडी रिक्सिया दिसली, अर्धी पाण्यात, अर्धी त्या मातीवर. तिच्या बाजूनं कुणी काही मोजत नव्हतं. त्याच आठवड्यात विभागातल्या एका तरुण सहकाऱ्यानं परदेशी नियतकालिक माझ्यापुढं ठेवलं. वनस्पतीत असं एक द्रव्य सापडलंय, जे पानं गळवतं, कळ्यांना झोपी घालतं, वाढ थांबवतं. त्याला आता नावही मिळालंय. रिक्सियाचा त्यात उल्लेख नव्हता. चिखलात उतरून कुणी तिला विचारलेलं नव्हतं. सहकारी म्हणाला, "सर, तुमच्या त्या झाडावर हे करून बघितलं पाहिजे. पाण्यातून जमिनीवर येताना हेच काम करत असेल, नाही?" मी म्हणालो, "बघा." आणि घरी न जाता जयनगरची बस धरली.

सुभद्रा जयनगरात राहते हे मला ठाऊक होतं. लग्नाच्या पत्रिकेवरून नव्हे, अण्णांनी एकदा बाजारात सांगितलं होतं. दार तिनंच उघडलं. कानांजवळ केस पांढरे झालेले, बोटं ओली.

"सर! तुम्ही? एवढ्या वर्षांनी वाट चुकलात होय? या की, उभं राहून बघताय काय? मी काय रिक्सिया आहे?"

आतल्या पडवीत परातभर अवरेचे, म्हणजे पावट्याचे, दाणे भिजत घातलेले. या दिवसांत बेंगळुरात घरोघरी तेच चालतं. दाणा चिमटीत धरून दाबायचा, साल हातात राहते आणि गर टुणकन बाहेर उडी मारतो. आतून तिची सासू कोण आलंय म्हणून ओरडली, "यारु बंदिद्दारे?" सुभद्रेनं कानडीत उत्तर दिलं, "आमचे मास्तर." मग मला म्हणाली, "बसा. आणि हात चालवा. आमच्याकडं अवरेच्या दिवसांत रिकाम्या हातानं बसलेला पाहुणा चालत नाही."

मी बसलो आणि दाणे दाबायला लागलो. माझे दोन दाणे उडून उंबऱ्याशी गेले. ती हसली. मग मी सांगायला लागलो. जत्रा, म्हैसूर, उघडी खिडकी, तळाला चिकटलेली नक्षी, दार लावून घातलेलं पाणी. प्राध्यापकांना दिलेलं उत्तर. मी दाण्यांकडं बघत बोलत होतो. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे नुसत्या पाण्याच्या बशा वाळल्या होत्या," ती म्हणाली.

"होय."

"अर्काच्या पण?"

"त्याही."

"मग दोन्ही सारख्या येणारच की. त्यात नवल काय." ती जणू दुसऱ्या कुणाच्या प्रयोगाबद्दल बोलत होती. मग हात थांबले. "म्हणजे सर, माझं बरोबर होतं?"

हो म्हणायला मी काय दिलं नसतं! पण तिथं तरी खोटं बोलायचं नव्हतं. "ते ठाऊक नाही, सुभद्राबाई. त्या बशांवरून काहीच ठरत नाही. बरोबरही नाही आणि चूकही नाही."

"काहीच ठरत नाही," ती म्हणाली. "मी मात्र चूक म्हणून सांगितलं. सगळ्यांच्या पुढं."

आतून सासूनं कसलं तरी भांडं आपटलं. मला वाटलं ती रागावेल, 'चला निघा' म्हणेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं विचारलं ते वेगळंच. "मग परत करून का नाही बघितलंत? माझं राहू द्या. तुम्हाला तर रोज लॅब होती. केरे दर वर्षी आटत होतं. एक हंगाम पुरला असता."

तळ्याला ती अजून केरेच म्हणत होती. उत्तर माझ्याजवळ होतं, आणि ते तिलाही दिसलं असणार. प्रयोग तिच्या बाजूनं निघाला असता तर मला बोलायला लागलं असतं. म्हणून मी तो मांडला नाही. त्या थोड्या दिवसांची हयगय माफ होऊ शकते. पण त्यानंतरचा प्रत्येक मार्गशीर्ष मी शुद्धीवर असताना घालवला होता.

"मला ती गोष्ट रोज आठवते असं नाही, सर," ती म्हणाली. "संसार आहे, पोरी आहेत. थोरली शाळेत शास्त्रात पहिली येते. तिनं मध्ये विचारलं, अम्मा, तू कॉलेज का सोडलंस? मी सांगितलं, माझी कल्पना चुकली होती. पोरीनं ते लक्षात ठेवलं. आता कशात अडली की म्हणते, अम्मासारखी माझी पण कल्पना चुकत असेल."

मी काहीतरी म्हणायला गेलो. तिनं मान हलवली. "मला सांगायला आलात, चांगलं केलंत. पण मला सांगून काय होणार? मी कुणाला खोटं सांगितलेलं नाही. जिथं सांगितलंत तिथं सांगा की."

"प्राध्यापक आता नाहीत. त्या वेळचे लोक..."

"बाक आहेत न्हवं? त्यावर बसणारे कुणी असतील की." आणि मग, पूर्वीच्या त्या विद्यार्थिनीच्या आवाजात, "सरी, ठीक आहे, सर. हे दाणे राहू द्या. तुम्ही गरासकट दाबताय."

घरी आलो. मला जे जमतं ते केलं. लिहायला बसलो. तळं मागं सरकतं इथून सुरुवात केली, वास आणला, धुकं आणलं, सासूबाईंचा पदर आणला. लिहिताना पुष्कळ हलकं वाटत होतं. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाला लेख हवाच होता. काल रात्रीच्या जेवणानंतर बायकोला इथवरचं सगळं वाचून दाखवलं. ती ऐकत होती. म्हैसूरच्या भागाशी तिनं एकदा मान वर केली, पुन्हा खाली घातली. वाचून संपलं. मग म्हणाली, "त्या वेळी मला सांगितलं असतंत तर मी अडवलं असतं आईबाबांना." थोड्या वेळानं म्हणाली, "छान लिहिलंय. पण तुमच्या विभागात मराठी कुणाला येतं?"

कुणालाच नाही. माझ्याशिवाय कुणालाच नाही. अकरा पानं मी अशा भाषेत लिहिली होती, जी त्या बाकांवरच्या एकालाही वाचता येणार नव्हती. आणि हे मला लिहिताना एकदाही जाणवलं नव्हतं.

आज सकाळी तरुण सहकाऱ्याला सांगितलं की येत्या शुक्रवारी मी बोलणार आहे. मग कोरा कागद घेऊन इंग्रजीत लिहायला बसलो. तिथं ना तळं आलं, ना धुकं, ना शेंगांची जत्रा. इतक्या पानांचं सगळं एका ओळीत मावलं. त्या बशा वाळल्या होत्या, ते मला ठाऊक होतं, आणि तिची कल्पना चुकीची आहे हे कधीच ठरलेलं नव्हतं.